आधी शिवण, मग कापड : नागपूरच्या पावसात दुचाकीवरचा रेनकोट

नागपुरात मृग कोरडे गेले तरी जूनच्या मध्यापर्यंत बर्डीवरच्या दुकानांबाहेर रेनकोट टांगलेले दिसू लागतात, आणि पहिल्या मोठ्या सरीत चिंब झालेला माणूस त्याच संध्याकाळी, ओल्या कपड्यांनिशी, त्यांतला एखादा उचलून घरी जातो. रंग, किंमत आणि अंगाला बसतो की नाही, एवढे पाहून ही खरेदी उरकते. पण दुकानात माणूस ताठ उभा राहून रेनकोट घालून पाहतो, आणि वापरतो मात्र तो पाय फाकवून बसलेला असताना, दोन्ही हात पुढे केलेले असताना आणि ताशी ५०-६० किलोमीटरचा वारा छातीवर घेताना. गेल्या काही वर्षांत मी चार रेनकोट बाद केले. चारांपैकी एकाचेही कापड फाटलेले नव्हते. एक मांड्यांमधल्या शिवणीतून गळू लागला, दुसऱ्याच्या चेनमधून पाणी शिरून शर्टाच्या गुंड्यांच्या रेषेत ओला पट्टा उमटत असे, तिसऱ्याचा आतला थर पापुद्र्यांसारखा सुटून कपड्यांना चिकटू लागला, आणि चौथा एक थेंबही आत येऊ देत नव्हता, परंतु कार्यालयात पोहोचल्यावर तो काढला की मी घामाने तितकाच ओला असे. या चार रेनकोटांनी जे शिकवले, त्यातले बरेचसे दुकानात पाच मिनिटांत तपासता आले असते.

पाऊस समोरून येतो

पावसाचा मोठा थेंब जमिनीकडे सेकंदाला साधारण ९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने पडतो. हवेच्या अडथळ्यामुळे त्याचा वेग याहून फारसा वाढत नाही. उभ्या माणसाला हा पाऊस डोक्यावर आणि खांद्यांवर लागतो, म्हणूनच पायी चालणाऱ्याचे काम छत्रीने भागते. दुचाकीवरचा माणूस ताशी ६० किलोमीटरने पुढे जात असेल, तर त्याच्या दृष्टीने तोच थेंब उभ्या रेषेपासून ६० अंशांहून अधिक तिरका होऊन समोरून येतो. बारीक थेंब याहून सावकाश पडतात, त्यामुळे भुरभुर पावसात पाण्याचा मारा जवळजवळ आडवाच होतो. हिशेब केला तर असे दिसते की ६० च्या वेगात छातीच्या एक चौरस फूट जागेवर जमिनीच्या एक चौरस फुटाच्या जवळपास दुप्पट पाणी आदळते. तासाला २० मिलीमीटर या जोरदार पावसात अर्धा तास त्या वेगाने गाडी चालवली, तर शरीराच्या समोरच्या बाजूवर सात लिटरांच्या घरात पाणी येते. अर्धी बादली छातीवर आणि मांड्यांवर ओतून घ्यावी, इतके ते झाले. नागपूरहून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वर्धा रोडने रोज ये-जा करणाऱ्यांना झड लागलेल्या दिवशी ही अर्धी बादली दोन वेळा मिळते.

हे पाणी छातीवर आदळून थांबत नाही. वाऱ्याचा दाब त्याला ढकलत असतो, आणि ते मिळेल त्या वाटेने आत सरकते : गळ्याच्या फटीतून खाली, चेनच्या दातांमधून आत, मनगटाशी बाहीच्या तोंडातून कोपराकडे. बाकीचे पाणी छातीवरून ओघळून मांड्यांच्या बेचक्यात, पेट्रोलच्या टाकीला टेकलेल्या खोलगट जागी साचते. दुचाकीवर सर्वांत अवघड जागा हीच आहे. तिथे चार शिवणी एकत्र येतात, तिथे पाण्याचे तळे होते, आणि त्या तळ्यावर चालकाचे वजन बसलेले असते.

लेबलावरच्या आकड्यांचा अर्थ

चांगल्या प्रतीच्या रेनसूटच्या, म्हणजे जॅकेट आणि पँट अशा जोडीच्या, लेबलावर ३०००, ५००० किंवा १०,००० मिलीमीटर असा आकडा छापलेला असतो. हा आकडा किती पावसात रेनकोट टिकेल ते सांगत नाही, आणि हा गैरसमज फार लोकांचा असतो, कारण पाऊसही आपण मिलीमीटरमध्येच मोजतो. नागपुरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून साधारण ९०० मिलीमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो. मग ३००० चा रेनकोट तीन वर्षे पुरेल, असे कुणी समजू नये. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा ताणून बसवतात आणि त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. पाण्याचा स्तंभ जितका उंच होईपर्यंत कापडातून थेंब फुटत नाहीत, तितके मिलीमीटर लेबलावर येतात. ५००० म्हणजे त्या कापडाने पाच मीटर उंच पाण्याचा दाब सोसला.

एवढा दाब दुचाकीवर येतो कुठे? बसण्याच्या जागी. चालकाचे ६० किलो वजन सीटवर येते आणि सीटला टेकलेली जागा सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १५० ग्रॅम भार पडतो. हा दाब १५० सेंटिमीटर, म्हणजेच १५०० मिलीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ही झाली सरासरी. जिथे बसण्याची हाडे टेकतात तिथे दाब याच्या कितीतरी पट असतो. म्हणून १५०० चा आकडा असलेली पँट पायी चालणाऱ्याला पुरते, परंतु ओल्या सीटवर तास-दीड तास बसणाऱ्याच्या बुडाशी ओल येतेच. माझ्या मते पँटसाठी ५००० चा आकडा पाहावा आणि जॅकेटला त्याहून थोडा कमी असला तरी चालवून घ्यावा. दुकानदार बहुधा जॅकेटच्याच आकड्याची तारीफ करतात. सीटचे कव्हर शिवणीतून उसवलेले असेल, तर आतला फोम पाणी पिऊन बसतो आणि आपण बसलो की ते पाणी दाबाने वर येते. अशा सीटवर भारी पँटही हरते, आणि शंभर-दोनशे रुपयांचे नवे कव्हर मात्र काम करून जाते.

कापडाचे प्रकार थोडक्यात सांगायचे तर बाजारात तीन दिसतात. पहिला पीव्हीसी, म्हणजे सरळ प्लॅस्टिक : पाणी अजिबात जात नाही, हवाही जात नाही, वजनाला जड, आणि गरम सायलेन्सरला टेकले की वितळून काळा डाग होतो. दुसरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडावर आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला. हलका, घडी लहान होणारा, आणि दुचाकीस्वारांसाठीचे बहुतेक रेनसूट याच जातीचे असतात. तिसरा प्रकार पातळ पडदा चिकटवलेल्या कापडाचा. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला, तेव्हापासून ही जात अस्तित्वात आली. त्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जाऊ शकत नाही, वाफ मात्र जाते. किंमत अर्थातच या क्रमाने चढत जाते.

शिवण

रेनकोटाचा इतिहास मागे नेला तर स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांच्यापाशी जाऊन पोहोचतो. त्यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर घालून जलरोधक कापड केले. कापड उत्तम होते. शिंप्यांनी ते सुईने शिवले आणि कोट गळू लागले. दोनशे वर्षे झाली तरी बाजारातल्या स्वस्त रेनकोटाचा दोष हाच आहे.

हिशेब सोपा आहे. जॅकेट आणि पँट मिळून आठ-दहा मीटर शिवण सहज असते. दर सेंटिमीटरला तीन टाके धरले तरी सुईने पाडलेली तीन हजारांच्या आसपास भोके त्या जलरोधक कापडात तयार होतात, आणि धागा स्वतः वातीसारखा पाणी ओढून आत नेतो. यावर उपाय म्हणजे शिवणीच्या आतल्या बाजूने उष्णतेने चिकटवलेली पट्टी. रेनसूट उलटा करून उजेडात धरला की ही पट्टी, बोटाएवढी रुंद, शिवणीच्या पूर्ण लांबीवर चकाकताना दिसते. ती सर्व शिवणींवर आहे का, चौफुलीवर तुकडा जोडलेला आहे का, कडेने नख लावल्यास सुटते का, हे पाहावे. कित्येक उत्पादने खांद्यांवर आणि छातीवर पट्टी लावतात आणि मांड्यांमधली शिवण तशीच सोडतात, कारण गिऱ्हाईक जॅकेट उलटे करून बघते, पँट बघत नाही. पँटच उलटी करावी. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, घालू द्यावे.

घरी आणल्यावर, बिल हाताशी असतानाच, आणखी एक परीक्षा करता येते. पँट उलटी न करता कमरेकडून दोन्ही हातांनी झोळीसारखी धरायची, पाय वर दुमडायचे आणि मांड्यांच्या बेचक्यात एक तांब्या पाणी ओतायचे. खाली वर्तमानपत्र अंथरून दहा मिनिटे तशीच टांगून ठेवली, की शिवण पक्की असल्यास कागद कोरडा राहतो. कच्ची असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच शिवणीच्या चौफुलीवर मोत्यासारखा एक थेंब जमतो, थोडा लांबतो आणि टपकन पडतो. तो थेंब स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून पाहणे बरे; वर्धा रोडवर तोच थेंब दिसत नाही, फक्त जाणवतो.

चेनची गोष्टही शिवणीसारखीच आहे. चेन म्हणजे दातांच्या फटींची रांग, तिला पाणी रोखता येत नाही. पाणी रोखते ते तिच्यावरचे कापडाचे झाकण. एकपदरी झाकण वाऱ्याने उचलले जाते. दोनपदरी झाकण, ज्यात आतला पदर पन्हाळीसारखा वळवलेला असतो आणि वरचा चिकटपट्टीने किंवा टिचबटनांनी सलग बंद होतो, ते समोरून येणारे पाणी खाली वाहून नेते. चिकटपट्टीचे तुकडे एक-एक वीत अंतरावर लावलेले असतील, तर मधल्या जागा वाऱ्यात तोंडासारख्या उघडतात. पट्टी सलग असावी. गळ्याची पट्टी उंच, आतून मऊ कापडाची आणि घट्ट-सैल करता येणारी असावी, कारण हेल्मेटच्या खालच्या कडेवरून टपकणारे सगळे पाणी थेट तिथे येते.

जॅकेटला जोडलेल्या टोपीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. हेल्मेटच्या आत घातली तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, जे पावसात सर्वांत घातक. हेल्मेटवरून घातली तर मान वळवल्यावर टोपी तिथेच राहते आणि बाजूचे दिसत नाही. आणि मागे सोडून दिली तर ती उघड्या पिशवीसारखी पाणी साठवते. एकदा कामठी रोडवर सिग्नलला गाडी थांबवून मी मान मागे टाकली आणि टोपीत जमलेले सगळे पाणी पाठीच्या पन्हाळीतून खाली उतरले. टोपी काढून ठेवता येणारी असावी, अन्यथा गुंडाळून कॉलरमध्ये कोंबता येणारी.

कोट की सूट

गुडघ्याखाली जाणारा एकसंध लांब रेनकोट स्वस्त असतो, साडीवरून किंवा कुर्त्यावरून पटकन चढतो, आणि स्कूटरवर, समोर पायांना आडोसा असल्यामुळे, घर ते बाजार एवढ्या अंतराला पुरतो. मोटरसायकलवर मात्र पाय दोन्ही बाजूंना जातात, कोट मधोमध उघडतो आणि मांड्या उघड्या पडतात. त्याहून मोठी अडचण त्याच्या मोकळ्या टोकांची आहे. पाठीमागे बसलेल्या व्यक्तीच्या कोटाचे किंवा अंगावरून नुसत्या टाकलेल्या सैल पोंचोचे टोक फडफडत चाकाच्या आऱ्यांत किंवा साखळीत जाऊ शकते. ओढणी आणि पदर यांच्याबाबत आपण जी काळजी घेतो तीच इथेही लागते. पोंचो गाडीवर वापरूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. रोज दहा-पंधरा किलोमीटरहून अधिक मोटरसायकल चालवणाऱ्याने जॅकेट आणि पँट असा दोन भागांचा सूटच घ्यावा, आणि पाठीमागे नेहमी कुणी बसत असेल तर त्या व्यक्तीसाठीही तसाच.

माप घेताना नेहमीच्या कपड्यांवरून घालून, शक्य असल्यास दुकानाबाहेर लावलेल्या स्वतःच्या गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून पाहावे. उभे असताना मनगट झाकणारी बाही हात पुढे केल्यावर दोन-तीन बोटे मागे सरकते, आणि पँटचा पाय गुडघा वाकल्यावर घोट्याच्या वर चढतो. म्हणून सूट एक माप मोठा लागतो. फार मोठाही नको, कारण सैल कापड वाऱ्यात फुग्यासारखे फुगते, फडफडते आणि शिवणींवर सतत ताण आणते. दंडावर आणि कमरेवर आवळायच्या पट्ट्या असतील तर ही अडचण राहत नाही. पँटच्या पायाला खालून गुडघ्यापर्यंत चेन असावी, म्हणजे बूट न काढता, एका पायावर नाचत का होईना, उड्डाणपुलाखाली उभे राहून ती चढवता येते. ज्यांच्याकडे कोपर-खांद्यांना संरक्षण देणारे रायडिंग जॅकेट आहे त्यांनी आतून लावायच्या जलरोधक अस्तरावर विसंबण्याऐवजी वरून घालायचा रेनसूट घ्यावा : आतले अस्तर शरीर कोरडे ठेवते खरे, पण बाहेरचे जाड जॅकेट पाणी पिऊन जड होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलेच असते.

घाम : आतून येणारे पाणी

महाग, वाफ बाहेर सोडणारे कापड घेतले तर घामाचा प्रश्न सुटेल, अशी समजूत असते. नागपूरसाठी ती अर्धीच खरी आहे. अशा कापडाच्या लेबलावर दुसरा आकडा असतो, उदाहरणार्थ ५००० ग्रॅम. म्हणजे प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत पाच लिटर पाण्याची वाफ बाहेर गेली. तासाला हे सुमारे २०० मिलिलिटर झाले, आणि ते पुरेसे वाटते. परंतु वाफ स्वतःहून बाहेर जात नाही. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल तेव्हाच ती त्या फरकाच्या ओढीने जाते. थंड प्रदेशात, १० अंश तापमानाला, बाहेरच्या हवेत बाष्प फारच थोडे असते आणि ही ओढ जबरदस्त असते. आपल्याकडे जुलैत २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या दिवशी हिशेब मांडला, तर ती ओढ त्याच्या निम्म्यावर येते. तेच कापड, तीच किंमत, काम अर्धे. त्यात बाहेरच्या पृष्ठभागावरचा पाणी झटकणारा लेप झिजला, की थेंब घरंगळून न जाता कापडात मुरतात, वर पाण्याचा सलग थर बसतो आणि वाफेची वाट जवळजवळ बंदच होते. घालणाऱ्याला वाटते की रेनकोट गळतो आहे. प्रत्यक्षात त्याचाच घाम आतल्या बाजूला थंड होऊन थेंब झालेला असतो.

म्हणून सह्याद्रीत किंवा हिमालयात दूरच्या प्रवासाला जाणाऱ्याने पडद्याच्या कापडावर पैसे खर्च करणे समजू शकते, पण शहरात रोज अर्धा तास जाणाऱ्या नागपूरकराने तेच पैसे चांगल्या शिवणींवर आणि हवा खेळेल अशा रचनेवर खर्च करावेत. पाठीवर झाकणाखाली जाळीची मोकळी जागा असेल, तर गाडी चालत असताना तिथून हवा खेचली जाते. काखेत छोटी चेन असेल तर पाऊस थांबल्यावर ती उघडता येते. आतून जाळीचे अस्तर असावे, म्हणजे ओलसर प्लॅस्टिक थेट हातांना चिकटत नाही. आत काय घातले आहे त्यालाही महत्त्व आहे. जाड सुती कपडा घाम शोषून तासन्‌तास ओला राहतो. पातळ पॉलिएस्टरचा बनियन किंवा टी-शर्ट घालून कार्यालयाचा शर्ट पिशवीतून न्यावा, असे माझे काही सहकारी करतात आणि ते शहाणपणाचे आहे.

हात, पाय आणि हेल्मेटची काच

पाणी उताराकडे वाहते, एवढे लक्षात ठेवले की हातमोजे बाहीच्या आत की बाहेर हा वाद मिटतो. नेहमीच्या गाडीवर हात खांद्यांपेक्षा खाली असतात, पाणी बाहीवरून बोटांकडे जाते, म्हणून मोज्याचे तोंड बाहीच्या आत असावे. हँडल उंच असलेल्या गाडीवर उलट. पायांत चामड्याचे बूट घालून वर जलरोधक कव्हर चढवणाऱ्यांनी डाव्या पायाच्या कव्हरला गिअरच्या दांड्याशी जादा पट्टी आहे का आणि तळवा खडबडीत आहे का, हे पाहावे. गुळगुळीत तळव्याचे कव्हर ओल्या सिमेंट रस्त्यावर पाय टेकताच सटकते, आणि नागपुरात आता बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचेच आहेत. गमबूट दिसायला कसेही असोत, पँट त्यांच्या बाहेरून घेतली तर पाय कोरडे राहतात. आत खोचली तर बुटांच्या बादल्या होतात.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे हवे हे सांगायची गरज नसावी. पावसात खरा त्रास काचेचा. श्वासाची वाफ आतल्या बाजूला बारीक थेंब होऊन बसते आणि काच दुधाळ होते. काचेच्या आत चिकटणारी दुसरी पातळ काच मिळते. दोहोंमध्ये हवेचा थर राहत असल्याने आतली काच थंड होत नाही आणि वाफ धरत नाही. ती न घेणाऱ्याने भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब काचेच्या आतून चोळून, कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावा. तीन-चार दिवस निभते. गडद काच पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती काढून ठेवावी. ओरखडे पडलेली काच तर बदलावीच, कारण समोरच्या ट्रकचा एकेक दिवा तिच्यावर चांदण्यासारखा फाकतो.

काळा रेनकोट

दुकानातले निम्म्याहून अधिक रेनसूट काळे किंवा गडद निळे असतात, मळ दिसत नाही म्हणून लोक तेच घेतात, आणि पावसात रस्ता, आकाश, गाडी आणि माणूस असे सगळे एकाच रंगाचे होते. जुलैत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, परंतु ढग दाटले की साडेपाचलाच अंधारून येते. या वेळी झगझगीत पिवळा किंवा नारिंगी रंग फार उपयोगी पडतो. त्यातले रंगद्रव्य डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून दिसणाऱ्या प्रकाशात परत फेकते, म्हणून ढगाळ उजेडातही तो रंग स्वतःच पेटल्यासारखा वाटतो. रात्री मात्र अतिनील प्रकाशच नसतो आणि तोच पिवळा रंग साध्या फिकट कापडासारखा होतो. रात्रीचे काम चंदेरी परावर्तक पट्ट्या करतात, कारण त्या मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा प्रकाश त्याच वाहनाच्या चालकाकडे परत पाठवतात. दोन्ही हवेत. पट्टी पाठीवर असावीच, आणि पाठीवर दफ्तर अडकवणाऱ्याने दफ्तराच्या कव्हरवरही असावी, नाहीतर जॅकेटची पट्टी दिवसभर दफ्तराखाली दडलेली राहते. एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनसोबत आपोआप सुरू राहतो. मागचा दिवा चिखलाने माखलेला नाही ना, हे मात्र स्वतःच पाहावे लागते.

कुठलाही रेनकोट कामाचा नसतो असाही पाऊस असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि सखल वस्त्यांतून पाणी घुसले. नरेंद्रनगरच्या भुयारी मार्गासारख्या ठिकाणी पाणी साचलेले दिसले, की गाडी वळवून घ्यावी. अशा पाण्यात रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी झाकणे दिसत नाहीत आणि अंगावरच्या सूटची प्रत किती चांगली आहे याने फरक पडत नाही.

वाळवणे आणि ठेवणे

नागपुरात रेनकोट पावसाने कमी आणि उन्हाळ्याने जास्त खराब होतात. पॉलियुरेथेनचा थर ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाल्यास हळूहळू विघटित होतो : आधी चिकट लागतो, मग आंबूस वास येतो, मग पांढरे पापुद्रे सुटतात. ओला रेनकोट घडी करून स्कूटरच्या डिक्कीत टाकणे म्हणजे हे दोन्ही त्याला एकाच जागी पुरवणे. घरी आल्यावर तो पंख्याखाली किंवा सावलीत, रुंद हँगरवर, आधी आतली बाजू बाहेर आणि मग उलट, असा वाळवावा. कडक उन्हात टाकू नये आणि इस्त्री लावू नये. धुवायचा झाल्यास साध्या पाण्यात सौम्य साबण पुरे. कपडे मऊ करणारे द्रव टाळावे, कारण ते बाहेरचा पाणी झटकणारा लेप निकामी करते. दिवाळीनंतर ठेवताना कडक घडी न घालता सैल गुंडाळून कपाटात ठेवावा. माळ्यावर, पत्र्याखाली, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तिथे काय होत असेल याची कल्पना नागपूरकराला द्यायला नको.

बाद केलेल्या चारांपैकी तिसरा, पापुद्रे सुटलेला, माझ्या घरी अशाच माळ्यावर दोन उन्हाळे पडून होता. पहिल्याची, मांड्यांमधून गळणाऱ्याची, कथा जरा वेगळी झाली. तो टाकून देण्याआधी शिवणीची पट्टी मिळते का म्हणून मी इतवारीत विचारत फिरलो. एका दुकानात तंबूंच्या कापडासाठीची चिकटणारी पट्टी मिळाली. जुनी सुटलेली पट्टी ओढून काढली, स्पिरिटने शिवण पुसली, वर सुती रुमाल ठेवून कोमट इस्त्रीने नवी पट्टी बसवली, आणि ओट्याशी उभे राहून पुन्हा तांब्याभर पाणी ओतले. रेनकोटाला इस्त्री लावू नये या माझ्याच नियमाला हा एवढा अपवाद. दहा मिनिटांनी खालचा कागद कोरडा होता. आता ती पँट पाठीमागे बसणाऱ्यासाठी गाडीच्या बाजूच्या पेटीत असते.